डर्बनची टोपली

शालूकाकीच्या मते जगातली प्रत्येक वस्तू दमायची. आमटी पातळ झाली की "डाळ दमली". फोनची बॅटरी उतरली की "दमला वाटतं तुझा फोन". रस्त्यातले खड्डे बघून सगळं गाव सरकारला शिव्या घालायचं, पण ही म्हणायची, "त्या रस्त्याला तरी किती बोलाल, दमलाय बिचारा." शिंदीची पाती उन्हात जास्त राहिली की ती दमलेली, आणि पाहुणे दोन दिवसांपेक्षा जास्त राहिले की यजमान नव्हे, पाहुणेच दमलेले. पहिल्या दिवशी मी तिच्या अंगणात बॅग टेकवली तेव्हा तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "शिस्टर, आल्या आल्याच दमलात?"

खोटं नव्हतं. मी अलोऱ्याच्या कॉलनीत वाढलेली, वडील पोफळीच्या वीजघरात. नर्स झाले तेव्हा केवढा उत्साह होता! पण पुढची वीसबावीस वर्षं बाळंतिणी, लसी, बीपीच्या गोळ्या आणि रजिस्टरं यांत गेली. पूर्णगडच्या खाडीकाठच्या या गावात बदली झाली तेव्हा माझे गुडघे बोलायला लागले होते आणि मी कुणाशी फारसं बोलेनाशी झाले होते. राहायला काकीच्या घरची कडेची खोली मिळाली. मध्ये एक भिंत, आणि पुढची पडवी दोघांत सामाईक.

काकी तेव्हा सत्तरीच्या आतबाहेर. अंगानं काटक, पातळ पोटरीपर्यंत खोचलेलं. बघावं तेव्हा पडवीच्या पायरीवर बसलेली. बाजूला घमेल्यात भिजवलेली शिंदीची पाती, मांडीवर अर्धवट टोपली आणि हातात मोडक्या छत्रीची काडी. ती काडी तिनं दगडावर घासून सुईसारखी केली होती. बाजारातली दाभणं तिला चालत नसत. तुमच्याशी बोलताना ती तुमच्याकडे बघायची नाही, हातांकडे बघायची. "हात रिकामे राहिले की डोकं चालतं गो," म्हणायची, "आणि माझं डोकं चाललं की वाट लागते."

टोपल्या आपल्याकडे विणतात त्यातल्या नव्हत्या. आपल्याकडे बांबूच्या कामट्या आडव्याउभ्या गुंफतात, नाहीतर माडाच्या झावळीचे झाप वळतात. काकी वाळक्या गवताची करंगळीएवढी जुडी घ्यायची, तिच्यावर शिंदीचं पातं गच्च गुंडाळायची आणि ती जुडी गोल गोल फिरवत एका फेऱ्यावर दुसरा फेरा शिवत जायची. "चुंबळीवर चुंबळ," असं ती सांगायची. डोक्यावर हंडा घेताना खाली ठेवतात तसल्या चुंबळी एकावर एक चढवल्या की झाली टोपली. हिरड्याच्या पाण्यात गंजके खिळे टाकून ती पाती काळी करायची, आणि त्या काळ्याची नागमोडी नक्षी पोटावरून फिरवायची. टोपली अशी देखणी व्हायची की उचलून घ्यावी. उचलली की कळायचं, बुडाला भोक आहे.

प्रत्येक टोपलीला भोक! चुंबळीपासून सुरुवात केली की मधे भोक राहणारच. त्याच्यावर ती आतून सुपारीच्या विरीची, म्हणजे पोफळीच्या झावळीच्या जाड सालीची, गोल चकती शिवायची. ठिगळच ते. रत्नागिरीहून एक बाई शोभेच्या वस्तूंच्या दुकानासाठी टोपल्या न्यायला यायची. ती दर खेपेला म्हणायची, "काकू, तेवढं बूड बंद करा हो." काकी ऐकून घ्यायची आणि ती गेली की पचकन थुंकायची.

एकदा मलाच राहवलं नाही. मी फोनवर व्हिडिओ शोधून काढला. आफ्रिकेतल्या बायका ओळीनं बसून अश्शाच टोपल्या विणत होत्या, आणि सुरुवात कशी करायची ते एक बाई सावकाश दाखवत होती. मी मोठ्या हौसेनं फोन काकीपुढे धरला. तिनं एकदा बघितलं, कोण बायका आहेत ते ओळखलं आणि फोन पालथा घातला.

"त्यांच्याकडून शिकू? मी? मेल्ये तरी नाय."

"अहो, पण काकी..."

"सांगितलं ना एकदा!"

मला काही समजेना. टोपल्या त्यांच्यासारख्या करायच्या, रंग त्यांच्यासारखे, नक्षी त्यांच्यासारखी, आणि शिकायचं मात्र त्यांच्याकडून नाही. हे कुठलं शहाणपण?

घरात दुसरं माणूस होतं ते म्हणजे दत्तारामकाका, काकीचे यजमान. आयुष्य बोटीवर काढलेलं. निवृत्त होऊन घरी आले त्यालाही पंधराएक वर्षं झाली असतील. भला माणूस. पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांची फाटकी जाळी शिवून द्यायचे, आणि गुणगुणायचे. नवराबायको दोघं एकाच पडवीत दिवसभर हातानं काम करत बसायची, पण आपसात अवाक्षर नाही. मी गेल्यावर त्यांची सोय झाली. काकी मला हाक मारायची, "शिस्टर, त्यांना सांगा, आंघोळीचं पाणी तापलंय." ते चार हातांवर बसलेले!

"काकी, ते ऐकतायत की."

"ऐकतायत ना? मग सांगायला तुमचं काय जातंय?"

मग मी सांगायची, "काका, पाणी तापलंय." काका मान हलवायचे आणि मला म्हणायचे, "तिला सांगा, आलोच." मी दिवसभर गावात ओरडून ओरडून घसा बसवून यायची आणि वर ही पोस्टमनकी. कधी कधी असा संताप यायचा की वाटायचं, दोघांना खोलीत कोंडावं आणि बाहेरून कडी लावावी.

कारण कळलं ते एका दुपारी, बीपी बघताना. पारा नको तितका वर. मी विचारलं, "काकी, आज काय झालं? गोळी चुकली?" ती म्हणाली, "नाय गो. आज ती पुसायला काढली होती." आणि मानेनंच आत दाखवलं.

माजघरात खुंटीला एक टोपली टांगलेली असायची. झाकणाची, मधाच्या रंगाची, काळ्या नक्षीची. मी ती काकीनंच केलेली समजत होते. त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतली. बूड बंद होतं. मधोमध रुपयाएवढं भोवऱ्यासारखं वेटोळं, त्यात सुईसुद्धा शिरणार नाही इतकं घट्ट.

काकीची लेक चार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. काकांची बोट दुरुस्तीसाठी डर्बनच्या बंदरात चार महिने अडकली होती. पत्र नाही, काही नाही. मग आले एकदाचे, साबण, कापडं आणि ही टोपली घेऊन. सगळं गाव अंगणात. काकांनी टोपलीत तांब्याभर पाणी ओतलं आणि वर धरली. थेंब गळेना. बायाबापड्या आ वासून बघत राहिल्या. काकीनं विचारलं, "ही कुणी केलीन?" काका सगळ्यांसमोर हसले आणि म्हणाले, "एका बाईनं."

"तसं हसताना मी ह्यांना कधी बघितलं नव्हतं," काकी म्हणाली. "लाजल्यासारखे हसले. बाईनं केलेली टोपली विकत आणणारा माणूस लाजेल कशाला?"

"मग विचारायचं होतं सरळ."

"आणि 'हो' म्हणाले असते तर? पोर चार वर्षांची. जायची कुठे मी?"

म्हणून तिनं विचारलं नाही. तीस-बत्तीस वर्षं विचारलं नाही! नवऱ्याला नाही, पण देवीला विचारलं. देवळात जाऊन गुरवाकडून कौल लावून घेतला. देवीच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या, मनातला प्रश्न सांगायचा, उजवी पाकळी आधी पडली की होय. काकीनं मनात विचारलं, "डर्बनला बाई आहे ना?" उजवी पाकळी पडली.

झालं. त्या दिवसापासून ती टोपली विणायला बसली. "तिला येतं, मग मला येत नाय की काय?" एवढ्या एका इरेवर बाई तीस वर्षं शिंदीची पाती सोलत होती. खुंटीवरची टोपली बघून बघून सगळं काढलंन तिनं. वीण, रंग, झाकण, सगळं. फक्त सुरुवात कळेना, कारण सुरुवात आत दडलेली. ती बघायची तर टोपली कापावी लागली असती.

"मग कापली का नाहीत?"

"कापली तर ती जिंकली ना गो."

काका रिटायर होऊन घरी बसल्यावर एकदा म्हणाले होते म्हणे, "शालू, बुडाचं मी दाखवू काय?" काकीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हा माणूस त्या डर्बनवालीच्या शेजारी बसून तिचे हात बघत होता तर! "हात लावायचा नाय माझ्या कामाला," असं ती ओरडली. काका उठून गेले आणि पुन्हा त्या बाजूला फिरकले नाहीत. तेव्हापासून दोघांत उरलं होतं तेवढं बोलणंही सरलं.

खरं सांगायचं तर मला काकांचाच राग आला होता. चांगुलपणाचा आव आणून जाळी शिवत बसतो, आणि तिकडे डर्बनला... जाऊ दे. गोळी वाढवून दिली आणि माझ्या खोलीत येऊन पडले.

पुढच्या थंडीत काकांना झटका आला. सकाळी चहाचा कप हातातून पडला आणि तोंड एका बाजूला गेलं. रत्नागिरीला नेलं, जीव वाचला. घरी आले तेव्हा डावा पाय ओढत होते, आणि बोलणं पार गेलं होतं. नुसता घशातून आवाज. काकीनं त्यांचं सगळं केलं. अंग पुसणं, भरवणं, उचलून बसवणं, सगळं निमूट. मला एकदा म्हणाली, "आता विचारलं तरी सांगणार कसे?" तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती नुसती थकलेली दिसत होती.

बोटांना काम द्या, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. आधी मी त्यांना कडधान्य निवडायला दिलं. त्यांनी ताट ढकलून दिलं. जाळ्याची सुई दिली, तिच्यासाठी बोटांत जोर नव्हता. एका सकाळी मी लसीकरणाला निघाले होते आणि ते आपले पडवीत टकमक बघत बसलेले. काकी आत मासे तळत होती. मी घाईघाईत तिच्या घमेल्यातली चार पाती आणि थोडं गवत त्यांच्या मांडीवर टाकलं. म्हटलं, काहीतरी चाळा होईल.

चपला घालता घालता मी त्यांच्याकडे बघितलं आणि तिथेच थांबले. त्यांनी एक पातं उचललं, ओठांत धरून ओलं केलं. नखानं त्याचं टोक तासून तासून शेवेसारखं बारीक केलं. चार काड्या गवत घेतलं, त्याचंही टोक निमुळतं केलं आणि त्याच्यावर पातं गुंडाळायला लागले. अगदी टोकापासून. बोटं थरथरत होती, पण अडत नव्हती. दोन इंच गुंडाळून झाल्यावर त्यांनी ते टोक दुमडलं, अंगठ्यानं दाबलं, पातं मधून ओढून काढलं आणि फिरवलं. पुन्हा फिरवलं. तळहातावर रुपयाएवढं वेटोळं उभं राहिलं. मधे भोक नव्हतं.

"काकी!" मी केवढ्यानं ओरडले मलाच ठाऊक. ती उलथणं घेऊनच धावत आली, तिला वाटलं, काका गेले. काकांनी हात पुढे केला. तिनं ते वेटोळं घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, उजेडाकडे धरलं. मग आत गेली आणि खुंटीवरची टोपली घेऊन आली. तिचं बूड आणि हे वेटोळं शेजारी शेजारी धरलं.

"ही तुम्ही केलेलीत?"

इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून नवऱ्याला थेट विचारलेलं पहिलं वाक्य ऐकलं. काकांनी मान हलवली. होय.

"मग बाईनं म्हणून कशाला सांगितलंत हो?"

त्यांनी तोंड उघडलं. खूप प्रयत्न केला. घशातून नुसती घरघर आली. आत मासे करपल्याचा वास सुटला होता, कुणी उठलं नाही. शेवटी काकीच म्हणाली, "गावासमोर लाज वाटली. होय ना? पुरुषमाणूस, बोटीवरचा, आणि टोपल्या विणत बसला म्हणून हसले असते सगळे." काकांनी डोळे मिटून मान हलवली, आणि त्यांच्या वाकड्या गालावरून पाणी ओघळलं.

मग काकीनं विचारलंच. तीही बाईच ना! "आणि शिकवलीन कुणी?"

काकांनी थोडा विचार केला. मग ओठ आत ओढून घेतले, बोळक्या तोंडासारखे. खांदे वाकवले, एक हात काठी धरल्यासारखा थरथरवला. अर्ध्या चेहऱ्यानं केलेली ती नक्कल बघून मला हसू यावं की रडू तेच कळेना.

"म्हातारी?"

मान जोरात हलली. काकी पायरीवर मटकन बसली. मग म्हणाली, "देवी खोटं नाय बोलली गो. बाई होतीच. माझाच प्रश्न वाकडा." आणि हातातल्या उलथण्यानं आपल्याच कपाळावर एक हलकी चापट मारून घेतली.

त्यानंतर काकांना पाच महिने मिळाले. रोज सकाळी काकी त्यांना पडवीत बसवायची, पाती भिजवून पुढे ठेवायची. ते बुडं करायचे, फक्त बुडं. पुढचे फेरे घालायची ताकद नव्हती. एक झालं की काकीकडे द्यायचे आणि दुसरं घ्यायचे. काकी टोपली वर चढवत बसायची, आणि बोलायची. बाप रे, काय बोलायची! लेकीला गोवर आला होता तेव्हाचं, सासूनं पातळ लपवलं होतं तेव्हाचं, विहिरीत रहाट पडला तेव्हाचं. ते ऐकायचे आणि मान हलवायचे. मधेच ती त्यांच्यावर उखडायची, "आणि तेव्हा पत्र का नाय पाठवलंत?" ते हात जोडायचे. माझी पोस्टमनकी सुटली. खोटं कशाला सांगू, मला तिच्याशिवाय चुकल्यासारखं वाटायचं.

पण तीस वर्षांचं बोलणं पाच महिन्यांत कसं मावणार? काकीचे हातही आता जड झाले होते. एक टोपली पुरी व्हायला तिला महिना लागायचा, आणि काका दिवसाला दोन-दोन बुडं करायचे. "जरा दमानं घ्या हो," ती म्हणायची. त्यांना कसली घाई झाली होती कोण जाणे. ते करतच राहायचे. पत्र्याचा एक मोठा डबा होता, त्यात ती साठत गेली. वैशाखात एका दुपारी ते जेवून लवंडले ते उठलेच नाहीत.

लेक पनवेलहून आली, दिवस झाले, ती आईला घेऊन जायला निघाली. काकी गेली नाही. दुकानवाली बाई आली तर तिला एकही टोपली दिली नाही. आता बुडं बंद होती, ती बाई दुप्पट द्यायला तयार होती. काकी म्हणाली, "ह्या विकायच्या नाय्त." दुकानवालीनं माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी तिला भेटायला गेले तर ती पायरीवरच होती. डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं, त्यामुळे पातं छत्रीच्या काडीत ओवायला तिनं माझ्याकडे दिलं. मी ओवून दिलं. डबा शेजारी उघडा होता, अजून अर्ध्याहून जास्त भरलेला. तिनं त्या दिवशीचं एक बूड घेतलं, त्याला फक्त एक फेरा घातला आणि खाली ठेवलं.

मी म्हटलं, "काकी, एवढंच? असं केलंत तर डबा कधी संपायचा?"

"संपवायचाय कुणाला?" ती म्हणाली. "सगळं आयुष्य गप्प बसून घालवलं मी. आता ह्यांच्या हातचं आहे तोवर रोज थोडं थोडं बोलून घेते. एकदम बोलले तर मग काय करू?"

मी वाकून पाया पडले. तिनं माझ्याकडे न बघताच पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जा आता, तुझी एसटी चुकेल."

रस्त्यावर आल्यावर मी वळून बघितलं. काकीनं ते बूड पुन्हा हातात घेतलं होतं आणि तिचे ओठ हलत होते. एवढ्या लांबून शब्द कळत नव्हते. पण भुवया चढलेल्या होत्या, एक बोट नाचत होतं, आणि मधेच थांबून ती उत्तराची वाट बघत होती. भांडत होती ती त्यांच्याशी, चांगली मनापासून.